फिलॉलॉजी: शब्दाचा उगम तपासायची जुनी रीत

मुंबईतल्या 'शीव', म्हणजे सायन, या भागाचं नाव 'सीमा' या शब्दापासून आलेलं आहे. मुंबई बेटाची हद्द इथे संपायची आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. मात्र 'सीमा'ची 'शीव' होताना अक्षरं मनाला येईल तशी बदललेली नाहीत. पुढे 'ई' असल्यामुळे 'स'चा 'श' झाला. सिंदूरचा शेंदूर झाला तो याच कारणाने. दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला 'म' आधी नाकातला 'व' झाला आणि मग साधा 'व' उरला. ग्रामचं गाव, नामचं नाव, पंचमचा पाचवा. नाव दोन अक्षरांचं, पण त्यात दोन नियम आहेत आणि दोन्ही नियमांना इतर शब्दांची साक्ष आहे.

अशी साक्ष काढून भाषेचा इतिहास मांडणाऱ्या अभ्यासाला एकोणिसाव्या शतकात फिलॉलॉजी म्हणत. त्या काळात ग्लॉसॉलॉजी, ग्लॉटॉलॉजी अशीही नावं चालत. इटलीच्या विद्यापीठांत 'ग्लॉत्तोलोजिया' हे विषयाचं नाव अजून टिकून आहे. आपल्याकडे आता भाषाविज्ञान किंवा भाषाशास्त्र म्हणतात आणि फिलॉलॉजी हा शब्द जुन्या पुस्तकांच्या कण्यावर उरला आहे. तरी मुंबईशी त्याचं नातं जुनं आहे. जॉन विल्सन यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात फिलॉलॉजीची व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तिच्यात सात व्याख्यानं दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि तिथून मराठी, हिंदी, गुजराती, सिंधी असा सगळा प्रवास त्यांत होता. पुस्तकरूपाने ती १९१४ मध्ये आली. भारतीय माणसाने आपल्या भाषांचा इतिहास या पद्धतीने इतका सलग मांडण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक, आणि आजही वाचावा असा.

फिलॉलॉजीत त्या वेळी दोन कामं एकत्र नांदत होती. शब्दांची आणि ध्वनींची तुलना करून भाषांचं नातं ठरवणं हे एक. जुन्या हस्तलिखितांमधून मूळ पाठ शोधून काढणं हे दुसरं. पहिलं काम इथे सविस्तर पाहू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत.

ओळ मांडल्याशिवाय व्युत्पत्ती नाही

दोन शब्द सारखे दिसतात म्हणून ते एकाच मुळाचे, असं फिलॉलॉजी मानत नाही. ती विचारते: या शब्दात जो फरक दिसतो, तोच फरक दुसऱ्या शब्दांतही दिसतो का? त्यासाठी वहीत रकाने आखायचे आणि रोजच्या वापरातले शब्द घ्यायचे. अंक, अवयव, नाती, साधी कामं. बाजारातल्या वस्तू, धर्मातले आणि कचेरीतले शब्द सुरुवातीला टाळायचे, कारण ते एका भाषेतून दुसरीत सहज जातात. हात आणि कान सहसा कोणी उसने घेत नाही.

मुंबईत ही सामग्री लोकलच्या एका डब्यात गोळा होते. मराठी: हात, सात, आठ, कान, काम, आज. गुजराती: हाथ, सात, आठ, कान, काम, आज. पंजाबी: हत्थ, सत्त, अट्ठ, कन्न, कम्म, अज्ज. सिंधी: हथु, सत, अठ, कनु, कमु, अजु.

आता आडवं नाही, उभं वाचा. पंजाबीत आखूड स्वर आणि त्यामागे जोड व्यंजन. मराठी-गुजरातीत लांब स्वर आणि एकेरी व्यंजन. सिंधीत स्वरही आखूड आणि व्यंजनही एकेरी. सहाच्या सहा शब्दांत हीच मांडणी आहे, म्हणून हा योगायोग नाही. आता संस्कृत रूपं शेजारी ठेवा: हस्त, सप्त, अष्ट, कर्ण, कर्म, अद्य. प्रत्येकात जोडाक्षर आहे. प्राकृतात ते जोडाक्षर एकाच व्यंजनाच्या जोडीत बदललं: हत्थ, सत्त, अट्ठ, कण्ण, कम्म, अज्ज. पंजाबीने ही पायरी जवळपास जशीच्या तशी राखली. मराठी-गुजरातीने जोडीतलं एक व्यंजन सोडलं आणि त्याची भरपाई आधीचा स्वर लांबवून केली. सिंधीने व्यंजन सोडलं, पण भरपाई केली नाही. या बदलाला आपल्याकडे 'भरपाईचं दीर्घत्व' म्हणायला हरकत नाही. अभ्यासकांची संज्ञा त्याच अर्थाची आहे.

एक गोष्ट मात्र राहते. गुजरातीत 'हाथ' आहे, मराठीत 'हात' का? 'थ'मधला हकार कुठे गेला? इथे 'अपवाद' म्हणून पुढे जायचं नसतं. तसेच आणखी शब्द शोधायचे. हिंदी भूख, मराठी भूक. हिंदी भीख, मराठी भीक. हिंदी हाथी, मराठी हत्ती. या सगळ्यांत शब्दाच्या सुरुवातीला 'ह' किंवा 'भ' आहे, म्हणजे हकार आधीच एकदा येऊन गेला आहे. दुसरा मराठीने टाकला. आठ, साठ, काठ, राख यांच्या सुरुवातीला हकार नाही, त्यांचा शेवटचा टिकला. मग 'शिकणे' आडवा येतो. हिंदीत सीखना, सुरुवातीला हकार नाही, तरी मराठीत 'क'. असा शब्द झाकून ठेवायचा नाही. वहीत त्याच्यासाठी वेगळं पान ठेवायचं आणि त्याच्यासारखे आणखी सापडतात का ते पाहायचं: सूखा आणि सुका मिळाले, की ते पान भरायला लागतं.

अपवादांचा असा पाठपुरावा करून या शास्त्राची सगळ्यात मोठी कोडी सुटली आहेत. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये दाखवलं की संस्कृतात 'प' असतो तिथे इंग्रजी-जर्मन कुळात 'फ' येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. तसंच 'द'च्या जागी 'ट': दश आणि टेन, दंत आणि टूथ, द्वि आणि टू. आणि 'त'च्या जागी 'थ': त्रि आणि थ्री. पण याच कुळातल्या गॉथिक या जुन्या भाषेत 'भाऊ' या शब्दात अपेक्षेप्रमाणे 'थ' मिळत होता आणि 'बाप' या शब्दात मात्र 'द'. पन्नासेक वर्षं याचं कारण सापडलं नाही. १८७७ मध्ये कार्ल व्हर्नरने ते वैदिक संस्कृतातून काढलं: 'पितृ'मध्ये उदात्त स्वर, म्हणजे उच्चारातला आघात, दुसऱ्या अक्षरावर आहे, 'भ्रातृ'मध्ये पहिल्यावर. आघात 'त'च्या आधी असेल तर 'थ', नंतर असेल तर 'द'. युरोपातल्या भाषांचं कोडं वेदपाठकांनी तोंडी जपलेल्या स्वरांनी सोडवलं. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या लाइपझिगच्या तरुण अभ्यासकांनी जाहीर केलं की ध्वनिनियमांना अपवाद नसतात. ते जरा ताणून बोललं गेलं, पण शिस्त त्यातून आली.

पाणी आणि पान

मराठीपुरतं एकच उदाहरण जवळून पाहायचं तर हे घ्यावं. संस्कृतात 'पानीय'मध्ये 'न' आहे आणि 'पर्ण'मध्ये 'ण'. मराठीत नेमकं उलट: पाणी, पान. कोणी म्हणेल, मराठीने घोटाळा केला. घोटाळा नाही, दोन वेगळ्या वाटा आहेत.

'पानीय'मधला 'न' दोन स्वरांच्या मधे एकटा आहे. असा एकटा 'न' मराठीत 'ण' झाला: पाणी. 'दोघं जण' मधला 'जण' हा 'जन'पासून असाच आला. 'पर्ण'चं मात्र आधी 'पण्ण' झालं, म्हणजे जोडी. जोडीचा एकेरी होताना मराठीत 'न' उरतो: पान. कर्ण, कण्ण, कान. सुवर्ण, सोण्ण, सोनं. धान्य, धण्ण, धान. एकट्याला एक न्याय, जोडीला दुसरा.

हाच न्याय 'ल' आणि 'ळ' यांना लागू पडतो. फल, मूल, काल यांतला 'ल' एकटा, म्हणून फळ, मूळ, काळ. 'काल आला होता' मधला 'काल' मात्र 'कल्य'पासून, मधे 'कल्ल' होऊन आलेला. तिथे जोडी होती, म्हणून 'ल' टिकला. काळ आणि काल हे दोन शब्द मराठीत वेगळे राहिले ते यामुळे. आता 'तेल' पाहा. संस्कृतात 'तैल', 'ल' एकटा. नियमाने 'तेळ' व्हायला हवं होतं. नियम चुकला का? नाही. प्राकृतात रूप 'तेल्ल' असं जोडीचं आहे, आणि मराठी त्या रूपावरून आली. संस्कृतावरून थेट मराठीत उडी मारली की पहिला फटका इथे बसतो: मधली पायरी पाहिल्याशिवाय नियम मोडलेला दिसतो.

मग 'मन', 'धन', 'जनता' यांत 'न' का टिकला? कारण हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून झिजत आलेले नाहीत. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत. त्यांनाच तत्सम म्हणतात. 'जण' आणि 'जन' एकाच मुळाचे, पण एक घरात वाढलेला आणि दुसरा ग्रंथातून परत आलेला. मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत: चाक आणि चक्र, काम आणि कर्म, शेत आणि क्षेत्र.

वरळी, वेसावे, माहीमच्या कोळीवाड्यांत जुनी माणसं 'कोली', 'डोला', 'पानी' म्हणतात. शाळेत याला अशुद्ध म्हणतात आणि मुलं गप्प होतात. हे थांबायला हवं. त्या बोलीत 'ळ' सगळीकडे 'ल' आहे आणि 'ण' सगळीकडे 'न'. म्हणजे तिथेही नियमच आहे, फक्त प्रमाण मराठीपेक्षा वेगळा.

मासळी देशी, मच्छी पाहुणी

उसना शब्द ओळखायची खूण हीच: तो नियमात बसत नाही. हिंदी-गुजरातीत जिथे 'छ' येतो तिथे मराठीत 'स' येतो, आणि पुढे 'इ', 'ई' किंवा 'ए' असेल तर 'श'. कछुआ, कासव. छाल, साल. छुरी, सुरी. पूछना आणि विचारणे या अर्थाचं जुनं पुसणे. छह आणि सहा. मत्स्य, प्राकृतात मच्छ, हिंदीत मछली, मराठीत मासा आणि मासळी. 'मक्षिका'चं प्राकृतात 'मच्छिआ' झालं आणि मराठीत माशी. हिंदीने 'मक्खी' घेतली ती प्राकृतातल्या दुसऱ्या रूपावरून. 'शेत' आणि 'खेत' यांच्यातला फरकही असाच पडला.

मग मुंबईत 'मच्छीमार' आणि 'मच्छी मार्केट' कुठून आलं? मराठीत घरचा वाढलेला शब्द 'मच्छी' असा असूच शकत नाही. त्यात 'छ' आहे, जोड व्यंजन आहे आणि आधीचा स्वर आखूड आहे. म्हणजे मराठीच्या दोन नियमांतून तो सुटलेला आहे. आखूड स्वर आणि जोड व्यंजन ही ठेवण पंजाबीची आणि तिच्या शेजारच्या हिंदी बोलींची, हे वरच्या ओळीत दिसलंच. तेव्हा 'मच्छी' बाहेरून आली, आणि हे बदल मराठीत घडून गेल्यानंतर आली. कागदोपत्री तारीख नसतानाही आधी काय आणि नंतर काय हे अशा रीतीने कळतं. मराठी शब्दकोशात 'छ'ची पानं थोडी का, याचंही उत्तर मिळतं: त्या पानांवर बहुतेक 'छत्री'सारखे संस्कृतावरचे आणि शेजारच्या भाषांतले शब्द आहेत, घरचे सगळे 'स' आणि 'श'च्या पानांवर जाऊन बसले.

कुठे चुकतं

पहिली चूक: ऐकून जुळवणं. 'पायांनी तुडवून मळतात म्हणून पाव' ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत रोटीला म्हणतात तो शब्द नाकातल्या 'आँउ'ने संपतो. तो 'आँउ' मराठीत 'आव' होतो याला दुसरा साक्षीदार आहे: 'लिलाव'. पोर्तुगीजात हाही शब्द त्याच स्वराने संपतो. दोन शब्दांची ओळ लहान आहे, पण इतिहासाची जोड आहे: पगार, चावी, बटाटा, तुरुंग, घमेलं हेही त्याच लोकांकडून आलेले. उलट 'पायाने तुडवलेला' म्हणायचं तर हिंदीतला 'पाँव' आणावा लागतो. मराठीत तर 'पाय' आहे. आणि पावशेरातला 'पाव' हा तिसराच. तो 'पाद' म्हणजे चौथा भाग यापासून आलेला, अस्सल घरचा. रूप एक झालं म्हणून मूळ एक होत नाही.

दुसरी चूक: ज्या भाषेतून शब्द आला म्हणतो, तिचं व्याकरण न पाहणं. 'बॉम्बे म्हणजे पोर्तुगीजात चांगला उपसागर, बों बाइया' असं पुस्तकांतूनही छापलं जातं. पोर्तुगीजात 'बाइया' स्त्रीलिंगी आहे. तिला 'बों' लागत नाही, 'बोआ' लागतं. पोर्तुगीज माणूस स्वतःच्या भाषेत लिंगाची चूक करून गावाला नाव देईल, हे पटण्यासारखं नाही. शिवाय पोर्तुगीज शहराला म्हणत 'बोंबाईं', शेवटचा स्वर नाकात, आणि जुन्या नोंदींत 'म'ने सुरू होणारी रूपंही आहेत. मुंबादेवीच्या नावाशी जोडणारी व्युत्पत्ती या रूपांशी जुळते. उपसागराची जुळत नाही.

तिसरी चूक सगळ्यात गोड लागते: दोन लांबच्या भाषांत एक शब्द हुबेहूब सापडला की नातं जाहीर करणं. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, आणि नातं काहीही नाही. फारसी शब्द आधीच्या काळात 'वद' होता. म्हणजे मागे गेलं तर दोघं जवळ येण्याऐवजी लांब जातात. खरे नातेवाईक उलट वागतात. पंच आणि फाइव्ह दिसायला किती वेगळे, पण मागे जाल तसे जवळ येतात. फोनवर फिरणाऱ्या 'अमुक इंग्रजी शब्द मुळात संस्कृत' अशा यादीला हीच चाचणी लावा: दोन्ही शब्दांचं सगळ्यात जुनं लिखित रूप काढा आणि ते एकमेकांच्या जवळ येतात की लांब जातात ते पाहा. निम्मी यादी तिथेच गळते.

कागदाची बाजू

हस्तलिखितांचं काम वेगळ्या सवयी मागतं. ज्ञानेश्वरी परंपरेने शके १२१२, म्हणजे १२९० ची. एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली ती शके १५०६ मध्ये, जवळपास तीनशे वर्षांनी. तोवर प्रतींमध्ये पाठ बिघडले होते म्हणूनच ते काम त्यांनी हाती घेतलं. नक्कल करणारा माणूस ठरावीक पद्धतीने चुकतो. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर त्याची नजर पहिलीवरून दुसरीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. कधी तो एकच शब्द दोनदा लिहितो. आणि कठीण, जुना शब्द दिसला की हात आपोआप ओळखीचा शब्द लिहितो. म्हणून दोन पाठांतला अवघड पाठ बहुधा जुना असतो. सोप्याचं अवघड करायला नकलाकाराला कारण नसतं. अनेक प्रतींत तीच चूक त्याच जागी असेल तर त्या प्रती एका मूळ प्रतीवरून उतरल्या आहेत हे कळतं. दहा प्रतींत एक पाठ आणि एकीत दुसरा, एवढ्याने दहाचा पाठ जिंकत नाही. त्या दहा एकाच चुकीच्या प्रतीची लेकरं असू शकतात.

लिपीही काही गोष्टी लपवते. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार यांचा फरक केला जात नाही, त्यामुळे मोडी दप्तरावरून स्वराच्या लांबीबद्दल काही सिद्ध करता येत नाही. छापील मराठीतही सांभाळावं लागतं. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम लागू झाले आणि उच्चार होत नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत गांव, नांव, दांत, पांच, नाहीं, कांहीं असं छापलेलं दिसतं. ते अनुस्वार शोभेचे नव्हते. 'गांव'मधला अनुस्वार 'ग्राम'मधल्या 'म'चा उरलेला अंश, 'दांत'मधला 'दंत'मधल्या 'न'चा. गिरगावच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'एम' येतो, तोही इथेच जुळतो: पोर्तुगीज लेखनात शेवटचा 'एम' ही नाकातल्या स्वराची खूण आहे, आणि या किनाऱ्यावर रोमन लिपीत गावांची नावं आधी त्यांनी लिहिली. शब्दाचा उगम शोधताना १९६२ च्या आधीचं पुस्तक हाताशी असावं ते यासाठी.

नाव का मागे पडलं

फिलॉलॉजीचा सगळा भर कागदावर आणि भूतकाळावर. जिनिव्हात संस्कृत आणि तौलनिक व्याकरण शिकवणाऱ्या फेर्दिनां द सोस्यूर यांनी १९०७ ते १९११ या काळात दिलेल्या व्याख्यानांत वेगळा मुद्दा मांडला: शब्द कुठून आला हे माहीत नसतानाही बोलणारा भाषा अचूक वापरतो, तेव्हा आज, या घडीला भाषेची रचना कशी चालते याचा स्वतंत्र अभ्यास हवा. ती व्याख्यानं १९१६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. पुढच्या काही दशकांत विषयाचं केंद्र बदललं आणि नावही बदललं.

हा बदल गरजेचा होता. मराठीत 'जग' असं लिहिलं तर दोन शब्द होतात: जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जगत राहा. उच्चार वेगळे, अक्षर एक. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' एक नाही. नुसत्या कागदावर बसणाऱ्याला हे दिसतच नाही. कानाने ऐकावं लागतं. गंमत अशी की कारण मात्र पुन्हा इतिहासातच मिळतं. घरच्या शब्दांत 'अ', 'आ', 'उ', 'ओ' यांच्या आधीचा 'च' दातांकडे सरकला: चाक, चूक, चोर. 'चक्र' संस्कृतावरून घेतलेला, म्हणून त्यातला 'च' तालव्य राहिला. आणि 'चार' घरचा असूनही तालव्य, कारण जुन्या मराठीत तो 'च्यार' असा होता. 'य' गेला, त्याची खूण राहिली.

फिलॉलॉजीचे दोष यापेक्षा गंभीरही होते. जुनं तेवढं शुद्ध आणि नवं म्हणजे बिघडलेलं, ही समजूत तिने बराच काळ वागवली. त्याहून वाईट म्हणजे भाषांच्या कुळाचं नाव माणसांच्या वंशाला चिकटवलं गेलं. माक्स म्यूलर यांनी स्वतः १८८८ मध्ये बजावलं की 'आर्य' हा शब्द भाषांपुरता आहे, रक्ताशी आणि कवटीशी त्याचा संबंध नाही. तोवर उशीर झाला होता. आणि बोलींचं काय? इंग्रजी अमदानीत झालेल्या ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ मध्ये आला. त्यासाठी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत लिहवून घेतली होती. काम अफाट, पण लिहून देणारे बहुधा स्थानिक अधिकारी, बोली बोलणारे नव्हेत. १९६० च्या दशकात अमृत माधव घाटगे यांनी कुडाळी, महाडकडची कुणबी अशा बोलींची नोंद ध्वनींपासून सुरू करून केली, तेव्हा ही उणीव भरायला लागली.

घरबसल्या तपासायचं असेल तर

क्रम पाळा. आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, मुंबईतच छापलेली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शब्दाचं रूप आणि अर्थ काय होता ते तिथे कळतं. मग तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, १९९९ चा; शब्द यादवकाळात होता का ते पाहायला. मग टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, ज्यात एका मुळाखाली काश्मिरीपासून सिंहलीपर्यंतची रूपं एकत्र आहेत. तिन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोशही जवळ ठेवावा, पण त्यातलं प्रत्येक मूळ वर सांगितलेल्या चाचणीतून काढून घ्यावं. कोशातलं उत्तर म्हणजे एका माणसाचा निर्णय असतो.

प्रत्येक शब्दापुढे पाच गोष्टी लिहा: सगळ्यात जुनं सापडलेलं रूप, मधली प्राकृत पायरी, कोणते ध्वनिनियम लागले, त्याच नियमाचे किमान तीन-चार दुसरे शब्द, आणि अर्थ सरकला असेल तर कसा. चौथा रकाना रिकामा राहिला तर व्युत्पत्ती अजून झालेली नाही.

सुरुवातीला 'विंचू' घ्या. हिंदीत बिच्छू. 'ब' आणि 'व' यांचं नातं सरळ आहे: बीस आणि वीस, बाघ आणि वाघ. पण हिंदी 'छ'पुढे मराठीत 'स' यायला हवा होता, 'विसू' किंवा तसं काहीतरी. आला 'च', आणि वर अनुस्वार. संस्कृत 'वृश्चिक'कडे कितीही वेळ पाहिलं तरी हे सुटत नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी वेगळं सूत्र आहे: 'श्चि'च्या जागी विकल्पाने 'ञ्चु' येतो आणि रूप होतं 'विञ्चुओ'. मराठी या रूपावरून आली. तिच्या वाटेत 'छ' कधी नव्हताच, त्यामुळे त्याचा 'स' होण्याचा प्रश्नही आला नाही.